खापराची साक्ष

मातीचे भांडे फुटले की त्याचा उपयोग संपतो. आयुष्य मात्र संपत नाही. लाकूड कुजते, वस्त्र विरते, तांबे वितळून नव्या हत्यारात शिरते. भाजलेली माती सडत नाही आणि फुटक्या तुकड्याचा लोभही कोणास होत नाही. म्हणूनच लिपीपूर्व काळाचा इतिहास पुष्कळ अंशी खापरांच्या आधारे लिहावा लागतो. या मुक्या साक्षीदाराकडून आपण काय वदवून घ्यावे आणि काय घेऊ नये, हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा नाही; तो न्यायबुद्धीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या निकटचेच उदाहरण घेऊ. नर्मदेच्या दक्षिण तीरावर, अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर, नावदाटोली हे स्थळ आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज व बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांच्या सहकार्याने ह. धी. संकलिया, बी. सुब्बाराव आणि शां. भा. देव यांनी १९५२-५३ मध्ये तेथे उत्खनन केले. १९५७ ते १९५९ या काळात ते पुढे चालले. तेथे ताम्रपाषाणयुगातील वस्ती उजेडात आली. काळ्या-तपकिरी रंगात नक्षी काढलेली तिची भांडी ‘माळवा मृद्भांडी’ म्हणून ओळखली जातात. तशीच भांडी घोड नदीकाठच्या इनामगावात सर्वांत खालच्या थरात, म्हणजे सुमारे इ. स. पू. १६०० ते १४०० या काळात मिळतात. उलट प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून ज्यांना नाव मिळाले ती चाकावर घडवलेली, पातळ, खणखणीत भाजलेली, तोटीची भांडी नावदाटोलीच्या वरच्या थरांत आढळतात. म्हणजे संपर्क होता, आणि तो एकाच दिशेचा नव्हता.

येथपर्यंत खापराची साक्ष स्पष्ट आहे. पण भांडे गावोगाव जाते ते अनेक वाटांनी. व्यापारी त्यात काही भरून नेतो. कुंभार स्वतः स्थलांतर करतो. सासरी गेलेली मुलगी माहेरची घडण सोबत नेते. कधी परगावचे भांडे पाहून स्थानिक कुंभार तसेच घडवतो. चारही वेळा आपल्या हाती येणारा तुकडा सारखाच दिसू शकतो.

हा गुंता सोडवण्यासाठी प्रयोगशाळा साहाय्यास येते. खापराचा काप घासून मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचा केला की त्यातून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली मातीतील खनिजकण ओळखता येतात. अणुकेंद्रकीय पद्धतींनी अत्यल्प मूलद्रव्यांचे प्रमाणही मोजता येते. एखाद्या गावच्या मातीशी जुळणारी माती परगावच्या खापरात सापडली, तर भांडे प्रवास करून आले असे म्हणता येते. स्थानिक मातीचे पण परक्या घडणीचे निघाले, तर प्रवास हाताचा वा कल्पनेचा झाला असावा. परंतु माळवा आणि दख्खन या दोन्ही पठारांखाली एकाच काळ्या बेसाल्टचे थर आहेत. ज्या सीमा आपण नकाशावर इतक्या ठळकपणे ओढतो, त्या ओळखणे मातीला जड जाते.

आता प्रश्न उरतो तो मोहाचा. जर्मन पुरातत्त्वज्ञ गुस्ताफ कोसिना याने १९११ मध्ये असा सिद्धांत मांडला की, एका घडणीच्या वस्तूंचा रेखीव प्रदेश म्हणजे एका जमातीचा प्रदेश. १९१९ मध्ये त्याने तोच न्याय लावून विस्तुला नदीचे खोरे हे जर्मनांचे प्राचीन माहेर ठरवले. १९३१ मध्ये तो मरण पावला. पुढे नाझींनी त्याच्या मतांचा आधार घेतला. मडक्याच्या नक्षीतून वंश आणि वंशातून भूमीचा हक्क असा हा जिना होता. त्याची पहिली पायरीच खोटी होती, कारण भांडे कोणती भाषा बोलत होते, हे भांडे सांगत नाही.

आम्ही इंदूर-ग्वाल्हेरकडचे, बडोदे-बेळगावकडचे मराठी भाषक या मोहापासून अलिप्त आहोत असे नाही. ‘तुम्ही इकडे केव्हा आलात?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या कानांवर पडला की साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे जोर्वे खापर पुढे करून ‘तेव्हापासून’ असे उत्तर द्यावेसे वाटते. पण मग इनामगावच्या तळाशी असलेल्या माळवा भांड्यांचे काय? त्याच न्यायाने दख्खनचे मूळ मालक माळव्याचे ठरतील. त्या कुंभारांना ना महाराष्ट्र ठाऊक होता, ना मध्य प्रदेश. त्यांच्या वस्तू आपल्या वादात पुराव्यादाखल उभ्या करणे म्हणजे ज्यांना प्रत्युत्तर देता येत नाही अशांच्या तोंडी आपले शब्द घालणे होय.

मृतांप्रती आपले कर्तव्य असेल, तर ते त्यांची साक्ष आहे तेवढीच नोंदवण्याचे आहे. आपला येथे राहण्याचा हक्क पिढ्यांच्या श्रमांवर, सहवासावर आणि नागरिकत्वावर उभा आहे. त्याला खापराचा टेकू नको. आणि खापराला विचारायचेच झाले तर एवढे विचारावे की, नर्मदा आणि प्रवरा यांच्या काठची माणसे एकमेकांकडून काय शिकली. त्याचे उत्तर त्याच्यापाशी आहे.