बाकीची कोंबडी

कोल्हापुरात नवं हॉटेल उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रस्सा कसा आहे? मटण कसं आहे हा दुसरा. बसायची जागा कशी आहे, हे बहुधा पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात. त्यामुळे राजारामपुरीत नुसते चिकन विंग्ज विकणारं एक दुकान निघालं, तेव्हा आमच्या घरात झालेली सगळी चर्चा 'रस्सा नाहीच म्हणे' या एका वाक्याभोवती फिरली. तांबडा आणि पांढरा अशा दोन वाट्या समोर आल्याशिवाय जेवण झालं असं ज्या गावात कुणी कबूल करत नाही, तिथं कोरडे पंख विकायला बसणं ही हिंमतच म्हणायची.

एका बुधवारी आम्ही चौघं गेलो. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आत्ती. आत्ती पंच्याहत्तरीची आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार तिला चालत नाही, पण ज्या वारी चालतं त्या वारी तिच्याइतकं मन लावून खाणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

विंग्ज चांगले होते, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाचा उलटा समज व्हायचा. बाहेरून कुरकुरीत, आत ओलसर, तेल फारसं हाताला लागत नव्हतं. एका प्लेटीत लसूण-लोण्याचा सॉस, दुसरीत 'कोल्हापुरी' म्हणून कांदा-लसूण चटणी घोळलेली. ही दुसरी कल्पना ऐकायला वाईट वाटते, खायला वाटत नाही. प्रत्येक प्लेटीत बारा तुकडे. आत्तीनं पहिलं हाड चाटूनपुसून स्वच्छ करून बाजूला ठेवलं, दुसरं ठेवलं, मग दोन्ही प्लेटींकडं नीट बघितलं आणि मला विचारलं, "आणि बाकीची कोंबडी कुठं गेली रं?"

मुलगी हसली. मलाही हसू आलं. पण प्रश्न बरोबर होता, आणि त्याला उत्तर द्यायला बसलं की तो वाढत जातो.

आधी हिशेब. एका पंखाचे दोन तुकडे करतात, टोक काढून टाकतात. म्हणजे एका कोंबडीचे चार तुकडे. आमच्या टेबलावर चोवीस होते, म्हणजे सहा कोंबड्या. घरी चौघांना एक कोंबडी पुरते, वर रस्सा सकाळच्या भाकरीसाठी उरतो. मग त्या संध्याकाळी आम्ही सहा जीव घेतले का? माझी मुलगी अर्थशास्त्र शिकते, तिनं लगेच दुसरा हिशेब मांडला. दोन्ही पंखांचं वजन कोंबडीच्या साधारण दहावा हिस्सा. उरलेले नऊ हिस्से कुणाच्या बिर्याणीत, कुणाच्या तंदुरीत, कुणाच्या सँडविचमध्ये गेले असणार, कारण बाजारात काही फुकट जात नाही. तेव्हा आमच्या नावावर सहा कोंबड्या नाहीत, एक कोंबडीसुद्धा पुरती नाही. घरच्या रश्श्यापेक्षा कमीच पाप लागलं.

हा दुसरा हिशेब मला चुकीचा वाटत नाही. पंख खाणं हे तंगडी खाण्यापेक्षा जास्त क्रूर आहे, असं म्हणायला काही आधार नाही. मोजायचंच तर कोंबडी आणि बकरा यांच्यात मोजावं. एका बकऱ्यावर अख्खी पंगत उठते. तेवढ्याच मटणाच्या वजनासाठी कितीतरी कोंबड्या लागतात. तिबेटातले मांस खाणारे बौद्ध याच कारणानं लहान प्राण्यांपेक्षा याक बरा मानतात: एक मरण आणि पुष्कळ तोंडं. जगात वर्षाला ७,००० कोटींहून जास्त कोंबड्या कापल्या जातात. या आकड्यापुढे आमच्या सहा की शून्य पूर्णांक सहा, याला काय अर्थ आहे? म्हणजे आत्तीचा प्रश्न आकड्याचा नव्हताच.

तो कशाचा होता हे समजायला थोडं अमेरिकेत जावं लागतं. न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे. तिथल्या अँकर बारमध्ये तेरेसा बेलिसिमो यांनी १९६४ साली पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळले, अशी या पदार्थाची जन्मकथा सांगतात. श्रेयावरून तिथं वाद आहेत, ते मिसळीवरून आपल्याकडे असतात तसेच. त्याआधी पंख हा सूपसाठी पाण्यात उकळायचा भाग होता. आमच्या भाषेत अळणीत टाकायचा. आज तिकडे फुटबॉलच्या सुपर बोल सामन्याच्या वेळी १४० कोटींहून जास्त पंख खाल्ले जातात, असा तिथल्या कोंबडी-उद्योगाच्या संघटनेचा अंदाज असतो. भारतात माणशी एक आला असता. आणि याच्यापुढची पायरी म्हणजे 'बोनलेस विंग्ज', ते राजारामपुरीच्या मेन्यूवरही होते. तो पंख नसतोच, छातीचं मांस असतं. ओहायोत एका गिऱ्हाइकाच्या घशात अशा बोनलेस तुकड्यातलं हाड अडकलं. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला की 'बोनलेस' हे शिजवण्याच्या पद्धतीचं नाव आहे, हाड नसल्याची हमी नाही. पंख नाही, बिनहाडाचाही नाही, आणि नाव मात्र बोनलेस विंग. तुकड्याचा आणि जनावराचा संबंध किती सुटू शकतो, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता गल्लीत परत येऊ. आषाढात मंगळवार-शुक्रवार कोल्हापुरात त्र्यंबोलीची यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरून, पी ढबाकच्या आवाजात, पोरीबाळी डोक्यावरून टेंबलाईच्या टेकडीवर नेतात. गल्लीगल्लीतली मंडळं वर्गणी काढतात, बकरी आणतात, नैवेद्य होतो आणि मग वाटे पडतात. आमच्या गल्लीतले वाटे मी लहानपणापासून बघत आलोय. जेवढी वर्गणीची घरं, तेवढे ढीग. वाटा टाकणारा माणूस आधी काळीज घेतो, त्याचे बारीक तुकडे करून प्रत्येक ढिगावर एकेक ठेवतो. मग मांडीचं, मग बरगडी, मग चरबी, मग वजडी. प्रत्येक ढिगात सगळं पाहिजे. शेवटी एक पोरगा ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. मागचा कुणीतरी एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" आणि पोरगा नाव घेतो. मालक असो की भाडेकरू, कुरकुरीला जागा नाही.

जॉन रॉल्स यांच्या १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात केकचं उदाहरण आहे: जो कापेल त्यानं शेवटचा तुकडा घ्यायचा, म्हणजे वाटणी आपोआप सारखी होते. आमच्या गल्लीतल्या कुणी रॉल्स वाचलेले नाहीत, पण पाठ फिरवून उभा राहिलेला पोरगा मला त्यांच्या उदाहरणापेक्षा पुढचा वाटतो. केक सगळीकडे सारखाच असतो. बकरा सारखा नसतो, आणि खरी अडचण तिथं आहे. वाट्यात न्याय दोन गोष्टींतून येतो: ढीग सारखे, आणि प्रत्येक ढिगात पुरा बकरा. नको असलेलंही न्यावं लागतं. वजडी आवडत नाही म्हणून ती दुसऱ्या कुणाच्या ढिगात सरकवता येत नाही. म्हणजे बकऱ्याचं मरण चाळीस घरं मिळून पूर्ण उचलतात. एखादा भाग कुणाच्याच नावावर नाही, असं होत नाही.

विंग्जच्या प्लेटीत हेच नाही. मुलीच्या हिशेबानं उरलेले नऊ हिस्से कुणीतरी खाल्ले, हे खरं, पण ते खाणाऱ्यांची आणि आमची गाठ नाही, आणि ती गाठ घालून देणारा कुणी पाठ फिरवून उभा नाही. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरणारी ती ब्रॉयलर कोंबडी अंगणात कधी आलीच नाही, त्यामुळे ती पुरी असताना कशी होती हे कुणालाच ठाऊक नसतं. मला वाटतं, आत्तीचा प्रश्न एवढाच होता: याचा जबाबदार कोण, तो या टेबलावर दिसत नाही.

इथं थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. जुनं छान, नवं वाईट. पण वाटा घरात आल्यावर काय व्हायचं, तेही मी बघितलंय. उंबऱ्यापर्यंत रॉल्स, उंबऱ्याच्या आत पातेलं. कोंबडी असेल तर तंगड्या पुरुषांना आणि पाहुण्याला, छातीचे तुकडे पोरांना. मान, पाठ आणि पंख शेवटी बसणाऱ्या बायकांना, बऱ्याचदा नुसत्या रश्श्यात बुडालेले. सुझन मोलर ओकिन यांनी १९८९ च्या 'जस्टिस, जेंडर अँड द फॅमिली'मध्ये रॉल्स यांना हेच विचारलं होतं: न्यायाचा करार करणारे लोक तुम्ही कुटुंबप्रमुख म्हणून कल्पिलेत, मग कुटुंबाच्या आतलं काय? गल्लीतल्या पोरानं पाठ फिरवून घराचं नाव घेतलं. घरातल्या बाईचं नाव कुणी घेतलं नाही.

आणि राजारामपुरीच्या त्या टेबलावर आत्तीच्या पुढ्यात तेच तुकडे होते जे माझ्या पुढ्यात होते. वाढायला घरातलं कुणी उभं नव्हतं, मागं राहायचं कारण नव्हतं. तिला सहा आले, मला सहा आले. हे थोडं नाही. पंचाहत्तर वर्षांत अशी किती ताटं तिला मिळाली असतील, हे मी मोजायला बसणार नाही.

तिला मी विचारलं, "आत्ती, तू नेहमी पंखच घ्यायचीस. खरंच आवडायचा, की राहायचा म्हणून?" माझ्या डोक्यात पुस्तकी उत्तर तयार होतं: माणसाला जे मिळतं तेच आवडायला लागतं, कोल्ह्याला न मिळालेली द्राक्षं आंबट लागतात, वगैरे. ती म्हणाली, "आवडायला काय रं. पंख चोखायला येळ लागतोय. तेवढा येळ बसाय मिळायचं."

या उत्तराला मी कुठल्या खणात टाकू? ती नुसतं अन्यायाला सरावलेली नव्हती, तिनं पातेल्यातल्या सगळ्यात कमी मांसाच्या तुकड्यातून एक वेगळीच गोष्ट काढून घेतली होती, आणि ती तंगडी खाणाऱ्या कुणाला माहीत नव्हती. पण म्हणून वाटणी बरोबर ठरत नाही. बसायला वेळ मिळावा म्हणून हाड चोखावं लागणं ही काही पाककलेची गोष्ट नव्हे.

तेव्हा माझ्यासमोर दोन वाटण्या आहेत. एकीत जनावर पुरं होतं आणि माणसं सारखी नव्हती. दुसरीत माणसं सारखी आहेत आणि जनावर कुठं आहे ते ठाऊक नाही. बायकोचं म्हणणं, तिसरी वाटणी करायला कुणी अडवलंय? कोंबडी घरी आणा, पातेल्याकडे पाठ करून उभे राहा आणि नावं घ्या. मागच्या रविवारी तिनं ते खरंच करायला लावलं. मला मान आली. मानेत खायला फार काही नसतं, आणि चोखायला वेळही पंखाएवढा लागत नाही.

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर यंदा एक सूचना आली आहे. हल्ली निम्म्या घरांत वजडी कुणी साफ करत नाही, चरबी डॉक्टरांनी बंद केलीय, तर यात्रेच्या वाट्यात प्रत्येकानं आधीच आपली आवड कळवावी, म्हणजे वाया जाणार नाही. सूचना करणारा पोरगा आयटीतला, त्यानं तक्ताही बनवून टाकलाय. काळजाच्या रकान्यात अकरा नावं आहेत, मांडीच्या रकान्यात सव्वीस. वाटे टाकणाऱ्या आमच्या अण्णांनी त्यावर अजून काही लिहिलेलं नाही. वर्गणीचा आकडा मात्र ठरलाय, आणि तो गेल्या वर्षीपेक्षा दोनशेनं जास्त आहे.