राखण की पहारा?

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला घेऊन प्रभू येशूकडे येतो. मुलगा जमिनीवर कोसळतो, तोंडाला फेस येतो, अंग ताठ होते. तो कधी विस्तवात पडला आहे, तर कधी पाण्यात. आज हे वर्णन वाचताना आपल्यापुढे अपस्मार, म्हणजेच फिट किंवा आकडी, हा आजार उभा राहतो. त्या बापाची तळमळ आपल्याला भिडते. मुलाचे दिवस कसे जात असतील, हा विचार मात्र आपण क्वचितच करतो. विस्तवाच्या भीतीने चूल बंद, पाण्याच्या भीतीने विहीर बंद, लोकांच्या भीतीने अंगणही बंद!

अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील विद्युतप्रवाह काही क्षण बेबंद होतात आणि झटका येतो. ती बाधा नव्हे, पापाची शिक्षा नव्हे आणि तो एकापासून दुसऱ्याला होतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्के लोक झटक्यांविना जगू शकतात. आपल्या देशात हिंदू विवाह कायद्यात व विशेष विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहाच्या आड येणारी बाब होती. १९९९ साली संसदेने ती काढून टाकली. कायदा बदलला, पण सोयरिकीच्या गोष्टी निघाल्या की आपला आवाज अजून खाली येतो.

ज्यांचे झटके औषधांनीही पूर्ण थांबत नाहीत, त्यांच्या घरी रोज एक प्रश्न उभा असतो. मुलगी पंचवीस वर्षांची झाली, तरी न्हाणीची कडी लावायची नाही. आई तिच्याच खोलीत झोपणार. ट्रेनने एकटीने जायचे नाही. हे सारे प्रेमापोटीच चालते. पण जपणे कुठे संपते आणि कोंडणे कुठे सुरू होते?

गेल्या काही वर्षांत या प्रश्नात एक नवी वस्तू आली आहे. ती म्हणजे मनगटावरचा पट्टा. अमेरिकेतील प्राध्यापिका रोझलिंड पिकार्ड यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या ‘एम्ब्रेस’ या घड्याळाला तेथील औषध प्रशासनाने २०१८ साली मान्यता दिली. हातापायांचे एका लयीत बसणारे झटके आणि त्वचेतील सूक्ष्म विद्युतबदल ते टिपते व मोबाईलमार्फत ठरवून दिलेल्या माणसांना इशारा पाठवते. नेदरलँड्समध्ये रात्री दंडावर बांधायचा ‘नाईटवॉच’ हा पट्टा हृदयाचे ठोके आणि हालचाल पाहतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने रात्रीच्या गंभीर झटक्यांपैकी सुमारे ८५ टक्के ओळखले.

म्हणजे काही हुकलेही. शिवाय ही साधने मुख्यतः सर्वांगाला बसणारे मोठे झटके ओळखतात. क्षणभर भान हरपणारे झटके त्यांना सहसा कळत नाहीत. दात घासतानाही कधी उगाच इशारा जातो. बॅटरी संपते, नेटवर्क जाते. आणि मुख्य म्हणजे घड्याळ झटका थांबवत नाही, फक्त हाक मारते. औषधाची गोळी चुकवून चालत नाही ती नाहीच.

मग अशा साधनाच्या भरवशावर मुलीला एकटे सोडावे का? आईबापांची भीती पोकळ नाही. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांमागे वर्षाला साधारण एकाचा अचानक मृत्यू होतो. बहुधा रात्री, झोपेत आणि जवळ कोणी नसताना. या भीतीला हसू नये. तरी आम्हांला वाटते की सगळा धोका टाळायचा म्हणून सगळे जगणेच टाळायला लावणे, हीही एक हानीच आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, एवढेच. प्रभूने त्या मुलाचा हात धरला तो त्याला उठवण्यासाठी आणि मुलगा स्वतःच्या पायांवर उभा राहिला.

एक सावधगिरी मात्र हवी. इशाऱ्याबरोबर ती व्यक्ती कुठे आहे, हेही कळू शकते. झटका आल्यावर ते कळणे ही राखण झाली. दिवसभर ती कुठे गेली, कोणाबरोबर होती हे पाहत बसणे हा पहारा झाला. म्हणून मनगट ज्याचे, निर्णयही त्याचाच असावा. इशारा कोणाला जावा, हे जाणत्या मुलाने किंवा मुलीने स्वतः ठरवावे. घरच्यांनी शब्द द्यावा की इशारा आल्याशिवाय आम्ही डोकावणार नाही. तिनेही शब्द द्यावा की औषध, झोप आणि घड्याळाचे चार्जिंग चुकवणार नाही, बावखलात एकटी उतरणार नाही. स्वातंत्र्य असे दोन्हीकडच्या शब्दावर उभे राहते.

आणि बंधुभगिनींनो, यात आपलाही वाटा आहे. विरार लोकलमध्ये झटका आला तर इशारा घरी आईपर्यंत पोहोचेल, पण आई पोहोचेपर्यंत शेजारी आपणच असू. तेव्हा कांदा हुंगवू नये, चप्पल नाकाशी धरू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली काही मऊ ठेवावे, झटके थांबताच कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तातडीने इस्पितळात न्यावे. शुद्ध येईपर्यंत जवळ बसावे. मिस्सा चालू असताना असे झाले तर सगळ्यांनी माना वळवून पाहू नये. दोघांनी पुढे व्हावे, बाकीच्यांनी प्रार्थना चालू ठेवावी. आपल्या धर्मग्रामात फिट येणाऱ्या माणसाला पुढच्या रविवारी त्याच बाकावर संकोच न वाटता येऊन बसता आले, तर त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचे निम्मे काम आपण केले, असे समजावे.