मित्राची तिलांजली

दिवंगत मित्राविषयी मनुष्याचे कर्तव्य काय, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी अनुत्तरित सोडलेला नाही. पित्याचे श्राद्ध पुत्राने करावे, हे सर्वश्रुत आहे. परंतु महालयात दोन्ही कुळांतील पितरांचा उच्चार झाल्यावर गुरू, शिष्य, आप्त आणि सखा यांचेही स्मरण केले जाते. भाद्रपद वद्य पक्षात सिद्धवटाच्या घाटावर बसणाऱ्या आपणांपैकी किती जण त्या 'सखा' शब्दापाशी क्षणभर थांबतात? मित्राशी ना गोत्राचा संबंध, ना सुतकाचा. त्याच्या निधनाने आपणांवर कोणतेही बंधन येत नाही; म्हणूनच त्याच्याकरिता जे करावे, ते केवळ स्नेहापोटी केलेले असते.

आपल्या भाषेतील एक विसंगती येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. तिलांजली म्हणजे मृतास आठवून वाहिलेले तीळ व उदक. पण व्यवहारात 'तिलांजली देणे' म्हणजे कायमचे सोडून देणे, असा अर्थ रूढ झाला. शोकसभेत चार गौरवाचे शब्द बोलून आपण मित्राला पुष्कळदा या दुसऱ्या अर्थाचीच तिलांजली देत असतो.

पहिल्या अर्थाच्या तिलांजलीचे उदाहरण आपल्या अवंतिकेशीच निगडित आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म 1917 साली श्योपूर येथे झाला. त्यांच्या बालपणाचा व शिक्षणाचा काही काळ उज्जैनीत गेला. घरची भाषा मराठी, लेखणी मात्र हिंदीची. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील कवी. तरुणपणी शुजालपूर येथे शिक्षकी करीत असता त्यांची नेमिचंद्र जैन यांच्याशी मैत्री जडली. 1943 च्या 'तार सप्तक' या संग्रहातील सात कवींत हे दोघेही होते. पुढे पोटापाण्याने दोघांच्या वाटा दूर गेल्या, तरी पत्रव्यवहार राहिला. 11 सप्टेंबर 1964 रोजी दीर्घ आजारानंतर मुक्तिबोध दिल्लीत निवर्तले. त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रहही त्यांना डोळ्यांनी पाहता आला नाही. त्यानंतर सोळा वर्षांनी, 1980 साली, त्यांचे समग्र लेखन सहा खंडांत प्रसिद्ध झाले. त्याचे संपादक होते नेमिचंद्र जैन.

कोणी विचारील, जे मित्राने स्वतः छापले नाही, ते आपण उघड करावे काय? शंका रास्त आहे. विश्वासाने सांगितलेले गुपित मित्राबरोबरच गेले पाहिजे. परंतु ज्यासाठी तो आयुष्यभर झिजला, ते काम गुपित नव्हे. ते अपुरे असले तर अपुरे म्हणूनच जपावे. आपल्या मताने त्यात भर घालून पुरे करू नये.

यातच स्मरणाची खरी कसोटी आहे. मुक्तिबोधांची ओढ मार्क्सच्या विचारांकडे होती. आपल्या मंदिराच्या पत्रिकेत त्यांचे नाव घेताना त्यांना भाविक ठरविण्याचा मोह कोणास झाला, तर तो अन्यायच होय. जिवंत मित्र आपल्या चुकीच्या समजुतीस हरकत घेऊ शकतो. मृतास ती सोय नसते. म्हणून त्याच्या वतीने सत्य राखण्याचा भार आपणांवर येतो. त्याचे दोष चव्हाट्यावर मांडावेत असे नव्हे. पण त्याच्या नावावर आपली मते खपवू नयेत, इतके तरी निश्चित पाळावे.

प्रत्येकाचा मित्र ग्रंथकार नसतो. कोणी एखाद्या विद्यार्थ्याची फी गुपचूप भरीत असेल, कोणी शेजारच्या वृद्धेस औषध आणून देत असेल. त्याच्या मुलांनाही जे ठाऊक नसते, ते मित्राला ठाऊक असते. ते त्यांना सांगावे आणि शक्य तर त्या कामाचा थोडा वाटा स्वतः उचलावा. येत्या सर्वपित्री अमावास्येस 'सखा' हा शब्द उच्चारताना एक नाव मनात आणावे, आणि त्याचे काय करावयाचे राहिले आहे, याचाही विचार करावा.