पाचवे कारण

२८ जुलै २०२५, जॉर्जियातले बातुमी. महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम लढतीत आधीचे तिन्ही डाव बरोबरीत सुटलेले. दुसऱ्या रॅपिड डावात पांढरी मोहरी कोनेरू हम्पीकडे. तिने कॅटलन ओपनिंग निवडले: वजिरापुढचे प्यादे दोन घरे, राजाकडचा उंट जी-२वर, नजर लांब कर्णावर. १९२९ साली बार्सिलोनाच्या स्पर्धेत टार्टाकोवरने रुळवलेली ही मांडणी दोघींच्याही अभ्यासातली. अखेर ७५ चालींनंतर हम्पीने हार मानली. नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख विजेती ठरली आणि भारताची ८८वी ग्रँडमास्टरही. एरवी या किताबाला तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिऱ्या, लागतात; दिव्याकडे एकही नव्हता. विश्वचषकाने किताबच थेट दिला. हे नशिबातच असावे, अशा अर्थाचे ती नंतर बोलली.

बुद्धिबळात नशीब? इथे पत्ते पिसले जात नाहीत, युधिष्ठिराला बुडवणारे फासेही नाहीत. मध्ययुगीन विद्वान अल-बिरुनीने फाशांवर चालणारे चौघांचे बुद्धिबळ नोंदवले आहे. पुढे फासे गेले आणि पटावर उरली ती निव्वळ बुद्धी, असे आपण मानतो.

याहून वेगळे उत्तर दिव्याच्या गावाजवळच कोरलेले आहे. नागपूरच्या शेजारी, वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळांवर विनोबांची गीताई, म्हणजे मराठीतली गीता, कोरलेली. १९३०-३१मध्ये ती वर्ध्यातच लिहिली गेली. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे येतात: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना क्रिया आणि पाचवे दैव. क्रम पाहण्यासारखा आहे. दैव सर्वांत शेवटी येते, पण यादीतून गळत नाही. पट, खेळाडू, पाठ केलेले ओपनिंग, तासन्‌तासांची आकडेमोड एवढे सगळे जमेला धरूनही काही उरतेच. घड्याळ संपत आले की समोरचीला काय दिसेल आणि काय निसटेल, हे कोणत्याही तयारीच्या हाती नसते. त्या डावाच्या अखेरीस चुका दोघींकडूनही झाल्या. शेवटची हम्पीची ठरली.

दिव्याच्या बोलण्याला नुसता विनय म्हणणे अपुरे आहे. दैव मोजले नाही तर हरणाऱ्याच्या वाट्याला फक्त त्याची उणीव येते, आणि हम्पीबाबत तो धडधडीत अन्याय होईल. २००२ साली, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली ही खेळाडू ३८व्या वर्षी विश्वचषकाच्या अंतिम फेरीत होती. ती फेरी गाठूनच दोघीही कँडिडेट्स स्पर्धेसाठी, म्हणजे जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेसाठी, पात्र ठरल्या होत्या.