जवळचं आणि मोठं

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं अधिकृत नाव यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग आहे. दुचाकीला त्यावर बंदी. त्यामुळे आम्ही पवन मावळातली मंडळी लोणावळ्याला जुन्या हायवेनेच जातो.

१९५५ साली फलटणला यशवंतरावांनी सांगून टाकलं होतं की, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून एक निवडायची वेळ आली तर आपण नेहरूंसोबत राहू. लोकांनी त्यांना सूर्याजी पिसाळ ठरवलं. पाच वर्षांनी ते त्याच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनने हल्ला केल्यावर, संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र, १९७९ मध्ये काही महिने उपपंतप्रधानपदसुद्धा. आणीबाणीत मंत्रिमंडळात टिकून राहिले, हे मला फलटणचंच पुढचं पाऊल वाटतं. जवळच्यापेक्षा मोठ्याला निवडणाऱ्याने, हे मोठं म्हणजे देश की सत्ता, असं स्वतःला पुन्हा पुन्हा विचारायला हवं. त्यांनी ते मध्येच कधीतरी सोडून दिलं असावं.

तरी त्यांना एवढ्यावर निकालात काढता येत नाही. मला तर नाहीच. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात जिल्हा परिषदा आल्या, एमआयडीसी आली. हिंजवडीतलं माझं ऑफिस एमआयडीसीच्या जागेवरच आहे.

९ ऑगस्ट २०११. क्रांतिदिन. बेचाळीसच्या चळवळीत यशवंतराव स्वतः भूमिगत होते. त्या दिवशी बऊरला, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर, मावळातले शेतकरी उतरले. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला न्यायला त्यांचा विरोध होता. पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तिघे गेले. मी तेव्हा शाळेत होतो.

शहराला पाणी हवंच होतं. तिथे लाखो माणसं. हिशेबाने मोठं तेच. पण फलटणच्या निवडीची किंमत यशवंतरावांनी स्वतः मोजली होती, शिव्या खाऊन. बऊरला ज्यांनी मोजली त्यांना निवड करायला कुणी सांगितलंच नव्हतं. मोठ्यासाठी जवळचं सोडणं आणि दुसऱ्याचं जवळचं सोडून देणं यांना आपण एकाच शब्दात, त्याग म्हणून, गुंडाळतो.

मी आता वाकडला राहतो. नळाला पवनेचं पाणी येतं. सुट्टीत गावी गेलो की आजी विचारते, "तिकडं पाणी येतं का रं नीट?"

"येतं," मी म्हणतो.