भावनेला हात

भावनेला हात घालून एखादी गोष्ट पटवून देणे हे मुळातच अयोग्य आहे काय? जाहिरातींविषयी बोलताना हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळजण जाहिरातींचा निकाल एका वाक्यात लावतात : त्या खोट्या असतात. पण एवढ्याने भागत नाही. कित्येक जाहिराती खोटे बोलतच नाहीत. आई मुलाला दुधाचा पेला देते, मुलगा शर्यतीत पहिला येतो, आईचे डोळे भरून येतात. यात खोटे विधान कोणते? जी आई दुधात ही पूड घालत नाही तिचे प्रेम कमी, असे कोणीही म्हटलेले नाही. तरी ते आपल्याला ऐकू येते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत. हा कायदा हवाच. परंतु त्याला पकडायला काहीतरी विधान लागते. पुडीत अमुक जीवनसत्त्व आहे की नाही, हे तपासता येते. आईच्या डोळ्यांतले पाणी कोणत्या प्रयोगशाळेत तपासावे? म्हणून कायद्याचे काम जेथे संपते, तेथे आपल्या विवेकाचे काम सुरू होते.

हे तंत्र कसे चालते याचे एक प्रसिद्ध उदाहरण नेमके ईस्टरच्या दिवशीचे आहे. ३१ मार्च १९२९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर प्रथेप्रमाणे लोक नवे कपडे घालून फेरीला निघाले होते. त्यांत काही तरुण स्त्रियांनी सर्वांदेखत सिगारेटी पेटवल्या. स्त्रीने रस्त्यात धूम्रपान करणे त्या काळी कमीपणाचे मानले जाई. या सिगारेटी म्हणजे स्त्रीस्वातंत्र्याच्या मशाली आहेत असे सांगण्यात आले, आणि वृत्तपत्रांनी ती बातमी म्हणून छापली. हा सारा बेत एडवर्ड बर्नेज यांचा होता. ते मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे. त्यांना पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी.

येथे नीट लक्ष द्यावे. अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. बरोबरीने वागवले जावे ही त्यांची इच्छा खरी होती, न्याय्यही होती. तंबाखूविषयी तर कोणी काही बोललेच नाही. भूक स्वातंत्र्याची होती, आणि ताटात वाढली गेली तंबाखू.

दुसरे उदाहरण लाजेचे. लिस्टरीन हे द्रव्य १८७९ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून तयार झाले. १९२० च्या दशकात ते तोंड धुण्यासाठी खपवायचे ठरले, तेव्हा श्वासाच्या दुर्गंधीला हॅलिटोसिस हे वैद्यकी थाटाचे नाव सर्वतोमुखी करण्यात आले. जाहिरातीत एक तरुणी दाखवली जाई. तिच्या मैत्रिणींची लग्ने झाली, तिचे मात्र जुळत नाही. कारण तिला स्वतःला ठाऊक नाही, आणि तोंडावर कोणी सांगतही नाही. वाचणाऱ्याने लगेच स्वतःविषयी शंका घ्यावी, अशीच ही रचना होती. आधी भय द्यायचे, मग त्यावरचा उतारा विकायचा.

आता आपल्या घराकडे वळू. १९७५ पासून आपल्या देशात फेअर अँड लव्हली हे मलम विकले जाऊ लागले. सावळी मुलगी नोकरीत किंवा लग्नात मागे पडते, मलम लावते, उजळते आणि जिंकते, अशी गोष्ट त्याच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे सांगितली. महिला संघटनांनी त्यावर आक्षेप घेतले. सावळ्या रंगाची माणसे दुःखी किंवा कमी प्रतीची दाखवू नयेत, असा नियम जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०१४ मध्ये केला. २०२० मध्ये कंपनीने नावातला ‘फेअर’ हा शब्दच काढला. पण ती गोष्ट इतकी वर्षे चालली कशी? रंग सावळा पण नाकीडोळी नीटस, हे वाक्य कोणत्याही कंपनीने आपल्याला शिकवलेले नाही. त्यातला तो ‘पण’ आपल्याच माजघरात बोलला जात होता. ‘वधू पाहिजे’ या मथळ्याखाली ‘गोरी’ हा शब्द आपणच छापत आलो. घाव आधीच होता. जाहिरातीने त्यावर दुकान मांडले.

मग भावनेला हात घालणे नेहमीच वाईट काय? तसे म्हणता येणार नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला, तेव्हा त्याने प्रथम आरोप केला नाही. त्याने गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्याने स्वतःच्या तोंडाने न्याय दिला, आणि मग नाथानाने ती गोष्ट त्याच्यावरच लावून दाखवली. हेही भावनेला हात घालणेच होते. पण कोकरीची गोष्ट बाजूला केली तरी उरीयाचा वध आणि त्याच्या बायकोचे अपहरण उरतेच. भावनेने राजाला सत्याकडे नेले. न्यूयॉर्कच्या फेरीतून स्वातंत्र्य बाजूला केले तर उरतो तो केवळ धूर.

आपल्या काळातलेही एक चांगले उदाहरण आहे. पोलिओच्या डोसासाठी आपल्याकडे जे आवाहन झाले, त्यात आईबापांच्या भीतीला हात घातलेला होता. पण ती भीती खरी होती, आणि ते थेंब त्याच रोगावरचे होते. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

यावरून आमच्या मते तीन प्रश्न हाती येतात. पहिला : ही कोणती भावना जागी करत आहे, आणि विकायच्या वस्तूशी तिचा खरोखर संबंध आहे काय? दुसरा : चित्र आणि संगीत काढून टाकले तर वस्तूविषयी काय सांगितलेले उरते? तिसरा : मला विचार करायला वेळ देतात, की आजच शेवटचा दिवस म्हणून घाई करतात? ज्याच्याजवळ सत्य आहे, त्याला आपण एक रात्र विचार केल्याची भीती वाटत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना हे सहज करून पाहता येईल. वर्तमानपत्रातली एक जाहिरात घ्यावी, चित्रावर कागद ठेवावा आणि मुलांना फक्त शब्द वाचायला सांगावे. मग कागद उचलून विचारावे, आता काय वाटू लागले? मुले फार लवकर ओळखतात. मात्र जाहिरात पाहून ज्याला वस्तू हवीशी वाटली त्याला वर्गात हसू नये. प्रेम, मान, आपलेपण यांची भूक लागणे हा दोष नव्हे.

आणि हेच तीन प्रश्न व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनाही लागू आहेत. वर्गणीसाठी अनाथ मुलांची छायाचित्रे दाखवताना, किंवा संदेशाच्या शेवटी आवाज कापरा करताना, आपण ऐकणाऱ्याला त्या मुलाच्या खऱ्या गरजेजवळ नेत आहोत, की फक्त त्याचा हात खिशाकडे नेत आहोत? कार्य चांगले आहे एवढ्याने रीत चांगली ठरत नाही. जो ऐकणाऱ्याला विचार करायला जागा ठेवतो, तोच त्याला माणूस म्हणून मान देतो. तो मान दुकानदाराकडून मागण्याआधी मंडळीत एकमेकांना द्यायला आपण लागू या. ‘सावळी पण’ असे म्हणणे घरात आजच थांबवता येईल. त्याला खर्चही काही नाही.