चाल कोणाची?

नाट्यसंगीताच्या मैफलीत ‘मानापमाना’तले पद सुरू होण्याआधी निवेदक नाटककार खाडिलकरांचे नाव घेतो, बालगंधर्वांचे तर घेतोच. चाल देणाऱ्या गोविंदराव टेंबे यांचे नाव मात्र पुष्कळदा राहून जाते. युरोपात ऑपेरा ओळखला जातो तो संगीतकाराच्या नावाने. कोल्हापूरच्या या संगीतकाराची कारकीर्द पाहिली, की आपल्याकडची रीत अन्यायाची वाटते.

1881 साली जन्मलेले टेंबे आधी नावाजले ते पेटीवादक म्हणून. पेटीच्या पट्टीतून मींड निघत नाही. कण, खटके आणि भात्यावरचा ताबा यांच्या बळावर तिचा भास घडवावा लागतो. साथीला बसल्यावर गवयाचा दम कुठे संपणार, हेही आधीच हेरावे लागते. भास्करबुवा बखले यांचा सहवास आणि शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे यांतून टेंब्यांचा कान तयार झाला.

1911 मध्ये किर्लोस्कर मंडळीने ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले, तेव्हा हाच कान कामी आला. साकी, दिंडी, कीर्तन, लावणी आणि कर्नाटकी चालींना सरावलेल्या प्रेक्षकांना टेंब्यांनी हिंदुस्थानी बंदिशी आणि पूरब ढंगाच्या ठुमरीची गोडी लावली.

पदे बांधली ती आधीच्या बंदिशींवर; मूळ चीज दुसऱ्याची, मग टेंब्यांची रचना ती कोणती? हा आक्षेप टिकत नाही. हँडेलनेही इतरांच्या रचनांतले बरेच काही उचलून आपल्या ऑपेरांत नव्याने बांधले. ‘मानापमाना’तल्या श्रीमंत भामिनीच्या तोऱ्याला कोणती चीज शोभेल, धैर्यधराच्या बाण्याला कोणती, मराठी अक्षर समेवर कसे बसेल, गाणे कुठवर रंगवले तर नाटक अडणार नाही, हे सारे ठरवावे लागते. ही निवड म्हणजेच रचना.

पुढे टेंबे गंधर्व नाटक मंडळीचे एक भागीदार झाले. मग बोलपट आला. कोल्हापुरात ‘प्रभात’ने काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ला (1932) त्यांनी संगीत दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. पार्श्वगायन तेव्हा नव्हते. कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे. उत्तरायुष्यात ते ‘महाश्वेता’सारख्या संगीतिकेकडे वळले. 1955 साली त्यांचे निधन झाले.

पेटी, रंगभूमी, बोलपट, संगीतिका अशी ही वाटचाल. नाट्यगीत शिकवणाऱ्यांनी वहीत पदाखाली रागाबरोबर चाल देणाऱ्याचे नावही लिहून द्यावे, आणि मैफलीत ते मोठ्याने सांगावे.